व्हिडिओ आवडला, पण चंद्र कळला का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. करोनाच्या काळात फोनवर व्हिडिओ करायला शिकले आणि तो नाद नंतरही सुटला नाही. अलीकडे चंद्राच्या कलांवर साडेनऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. मागे छान संगीत, हलती चित्रं, मी बोलते तो सगळा मजकूर खाली, मध्ये चांद्रयानाची थोडी माहिती आणि शेवटी सारांश, असं सगळं घातलं. मुलांनी ‘बाई, परत लावा’ म्हणून गलका केला. दोन दिवसांनी सहज विचारलं, अमावास्येला चंद्र का दिसत नाही? निम्म्याहून जास्त पोरांनी सांगितलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. मी तर व्हिडिओत असं कुठेच म्हटलेलं नाही! मग चुकलं कुठे? की एवढ्या लहान मुलांना व्हिडिओतून शिकवायलाच जाऊ नये?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, दोन दिवस थांबून विचारलंत हे फार बरं केलंत. व्हिडिओ संपल्या संपल्या विचारलं असतं, तर पोरांनी तुमचीच वाक्यं तुम्हाला परत ऐकवली असती आणि तुम्ही निश्चिंत मनाने पुढच्या पाठाकडे वळला असता. ‘परत लावा’ यावरून मुलांना मजा आली एवढंच समजतं. कळलं की नाही, हे समजायला तुमच्यासारखा खोडसाळ प्रश्न लागतो.

आता ती सावली. ‘मी तर असं कुठेच म्हटलेलं नाही’ अशी तुमची तक्रार आहे. माझ्या मते घोळ तिथेच आहे. तुम्ही ते म्हणायला हवं होतं, तेही अगदी सुरुवातीला.

डेरेक मुलर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘व्हेरिटॅसियम’ या यूट्यूब वाहिनीमुळे ते पुढे जगभर पोचले. त्याआधी सिडनी विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली ती याच विषयावर, म्हणजे भौतिकशास्त्राच्या फिल्म कशा असाव्यात यावर. २००८ सालच्या त्या प्रबंधात त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या धाटणीच्या फिल्म दाखवल्या. एका फिल्ममध्ये न्यूटनचे नियम सरळ, स्वच्छ, कुठेही न अडखळता समजावले होते. दुसरीत विद्यार्थ्यांचे नेहमीचे गैरसमज एका पात्राच्या तोंडी घातले होते आणि दुसरं पात्र त्याच्याशी बोलत बोलत ते सोडवत होतं. पहिली फिल्म पाहणाऱ्यांना ती सोपी, सुटसुटीत वाटली. त्यांचा आत्मविश्वास वाढला. गुण मात्र जवळजवळ तिथेच राहिले. दुसरी पाहणाऱ्यांना ती गोंधळाची वाटली, डोक्याला ताण पडला, पण त्यांची प्रगती जास्त झाली. मुलर यांनी लावलेला अर्थ असा : ज्याच्या डोक्यात आधीच एक उत्तर बसलेलं असतं, तो स्पष्टीकरण नीट ऐकतच नाही. ओळखीचं चित्र दिसलं की ‘हे मला माहीत आहे’ म्हणून तो मोकळा होतो, आणि आपलंच उत्तर बरोबर ठरलं अशी त्याची समजूत होते.

मुलर यांचे विद्यार्थी महाविद्यालयातले होते, हे खरं. पण तुमच्या वर्गात घडलं ते याहून वेगळं नाही. पोरांना ग्रहण ऐकून माहीत असतं. सूर्य, पृथ्वी, चंद्र यांची चित्रं ग्रहणाच्या आणि कलांच्या धड्यांत सारखीच दिसतात. तुमच्या व्हिडिओत ती चित्रं पुन्हा आली, पोरांनी ती ओळखली आणि जुनी सावली नव्या जोमाने पक्की केली.

तेव्हा नवा व्हिडिओ सावलीपासूनच सुरू करा. वर्गातल्याच एखाद्या मुलीला ‘अमावास्येला चंद्रावर पृथ्वीची सावली पडते’ असं ठसक्यात म्हणायला लावा, आणि मग तिलाच पुरावा शोधायला पाठवा. पुरावा शोधायला दुर्बीण नको, कालनिर्णय पुरे. शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी अंगणात उभं राहायचं. सूर्य पश्चिमेला मावळतोय आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर आहे. सूर्य पश्चिमेला, म्हणजे पृथ्वीची सावली पूर्वेला. मग डोक्यावरच्या चंद्राचा अर्धा भाग काळा केला कुणी? कृष्ण अष्टमीला लागून शनिवार आला, तर सकाळच्या शाळेत परिपाठाच्या वेळी अर्ध्याहून बारीक झालेला चंद्र भर उजेडात वर असतो. तोही पोरांना दाखवा. दिवसा चंद्र दिसतो हेच अनेकांच्या गावी नसतं.

आणि संकष्टी तर घराघरांत आहे. पौर्णिमेला दिवेलागणीला उगवणारा चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवत जातो. म्हणून संकष्टीला आजी रात्री नऊच्या आगेमागे चंद्रोदयाची वाट पाहत ताटकळते. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ‘आजी, उगवला, उगवला!’ अशी आरोळी ठोकलेली असणार. चंद्राच्या जागेबद्दल एवढी माहिती ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना बाहेरची झकपक चित्रं दाखवून आपण सुरुवात का करतो, हे मला कळत नाही. त्या चित्रांतली कोर बहुतेक वेळा उभी असते, कंसासारखी. कारण ती युरोप-अमेरिकेतल्या आकाशावरून काढलेली. आपल्याकडे माघ-फाल्गुनातली बीजेची कोर होडीसारखी आडवी दिसते. पोरगं अंगणात एक पाहतं आणि पडद्यावर दुसरंच पाहतं.

आता तुमच्या साडेनऊ मिनिटांकडे वळू. मुद्दा मिनिटांचा नाही. त्या मिनिटांत मुलांच्या डोळ्यांना आणि कानांना तुम्ही काय काय कामं दिलीत, याचा आहे. ब्रिटनमध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीचं एक प्रारूप मांडलं. ऐकलेलं आणि पाहिलेलं मनात दोन वेगळ्या ठिकाणी तात्पुरतं धरून ठेवलं जातं, आणि दोन्हीकडे जागा अगदी थोडी असते, असं त्याचं सार. म्हणजे मुलाच्या हातात दोन छोट्या पाट्या आहेत, एक कानाची आणि एक डोळ्यांची. भराभर लिहिलं तर जुनं पुसूनच नवं लिहावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी निवेदनासह चालणाऱ्या चित्रफितींवर अनेक वर्षं प्रयोग केले, ते याच पायावर. वीज कशी चमकते हे सांगणारी अडीच मिनिटांच्या आतली एक साधी चित्रफीत त्यांनी नाना तऱ्हांनी बदलून पाहिली. संगीत घाला, काढा. मजकूर घाला, काढा. मध्ये रंजक माहिती घाला, काढा. बहुतेक वेळा काढण्याचाच फायदा झाला.

तुमच्या व्हिडिओतलं काय काढायचं? संगीत, आधी संगीत. तुमचा आवाज आणि संगीत, दोघांनाही कानाच्या त्याच पाटीवर जागा हवी असते. दुसरं चांद्रयान. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ती गोष्ट मुलांना सांगायलाच हवी, पण वेगळ्या दिवशी. मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं, की विषयाशी लांबचं नातं असलेली चटकदार माहिती मध्ये आली, की लोकांना तीच लक्षात राहते आणि मूळ कार्यकारण निसटतं. तुमची पोरं घरी जाऊन विक्रम लँडरबद्दल भरभरून बोलली असतील, आणि ‘चंद्र शिकवला’ म्हणून आईवडीलही खूश झाले असतील.

तिसरा तो खालचा मजकूर. यावर थोडं थांबतो, कारण इथे मतं टोकाची आहेत. चंद्र दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण वाक्यं पडद्यावर नकोत. कारण सरळ आहे : तिसरीतलं मूल तुमच्या बोलण्याच्या वेगाने वाचू शकत नाही. त्याचे डोळे ओळीवर अडकतात, ओळ संपायच्या आत पुसली जाते आणि दरम्यान वर चंद्राचं काय झालं ते त्याने पाहिलेलंच नसतं. पण तुम्हाला वाचनाचा सराव करून घ्यायचा असेल, तर गणित उलटं होतं. अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेलं काम याचंच आहे. टीव्हीवरच्या गाण्यांचे बोल त्याच भाषेत, शब्दागणिक रंग बदलत खाली दाखवायचे. गाणं पाठ असतं, डोळे आपोआप अक्षरांवर जातात आणि वाचन सुधारतं. म्हणजे मजकूर वाईट नाही. डोळ्यांनी आत्ता काय करायचंय, चंद्र पाहायचाय की अक्षरं वाचायची, हे आधी ठरवा. चंद्राच्या व्हिडिओत ‘अमावास्या’, ‘अष्टमी’, ‘पौर्णिमा’ एवढे तीन शब्द त्या त्या चंद्राला चिकटून येऊ द्या. असे दोन-तीन शब्द चित्राशेजारी असले तर उलट मदत होते, असं मेयर यांनाच नंतर आढळलं.

आता निवेदन. तुमचा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण अशा व्हिडिओंची पहिली वाक्यं साधारण काय असतात ते माहीत आहे : ‘नमस्कार बालमित्रांनो. आज आपण चंद्राच्या कला या घटकाचा अभ्यास करणार आहोत. चंद्र हा पृथ्वीचा एकमेव नैसर्गिक उपग्रह असून तो पृथ्वीभोवती परिभ्रमण करतो. आकृतीत दर्शविल्याप्रमाणे...’ घटक, उपग्रह, परिभ्रमण, आकृती. पहिल्या अर्ध्या मिनिटात चार जड शब्द, आणि पाहण्यासारखं काहीच नाही. वर्गात तुम्ही अशा बोलत नाही. फोनवर रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं की आपल्या सगळ्यांच्याच अंगात आकाशवाणीचा निवेदक का शिरतो, कोण जाणे.

मी हा भाग कसा लिहिला असता ते सांगतो. अंधारी खोली, एका टेबलावर पेटलेला दिवा, काडीला खोचलेला पांढरा चेंडू. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या जागी.

‘हा दिवा म्हणजे सूर्य. चेंडू म्हणजे चंद्र. आणि पृथ्वी? पृथ्वी म्हणजे तुझं डोकं.’ (इथे थोडं हसू द्यावं.) ‘चेंडू दिव्यासमोर धर. तुझ्याकडची बाजू बघ. उजेड आहे?’ (तीन-चार सेकंद गप्प.) ‘नाही. उजेड पलीकडच्या बाजूला पडलाय. ही अमावास्या. आता तुझ्या डोक्याची सावली शोध. ती तुझ्या पाठीमागे आहे, चेंडूवर नाही. आता हात तसाच ठेव आणि डावीकडे वळ, हळू. थांब. उजव्या कडेला बघ.’ (चेंडूवर कोर. आवाज नाही.) ‘दिसली? अजून वळ. आता किती उजळलाय?’ (गप्प.) ‘अर्धा. ही अष्टमी. दिव्याकडे पाठ होईपर्यंत वळत जा. चेंडू डोक्याच्या थोडा वर धर. अख्खा उजळला!’ (चेंडूशेजारी ‘पौर्णिमा’.) ‘आता चेंडू जरासा खाली आण. तुझ्या डोक्याच्या सावलीत. काय झालं?’

शेवटच्या प्रश्नाला खोली दणाणून जाईल बघा. ते चंद्रग्रहण. ज्या सावलीने पोरांना चकवलं, तिला तिची खरी जागा मिळाली : ती पौर्णिमेलाच पडू शकते, अमावास्येला कधीच नाही.

यात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. कॅमेरा डोळ्यांच्या जागी ठेवला. पुस्तकातली आकृती वरून काढलेली असते, जणू आपण अंतराळात बसून सूर्य, पृथ्वी आणि चंद्राचं वर्तुळ पाहतोय. त्या चित्रातले चंद्र सगळे अर्धेच उजळलेले असतात, पौर्णिमेचासुद्धा! ते चित्र मनात फिरवून ‘मग अंगणातून कसं दिसेल’ हे ताडणं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला फार अवघड जातं. मोठ्यांनाही जमतंच असं नाही. मेयर यांचे विद्यार्थी लोगन फिओरेला आणि इतरांनी विद्युत मंडळ जोडण्याचे व्हिडिओ दोन बाजूंनी काढून पाहिले, एकदा करणाऱ्याच्या डोळ्यांतून आणि एकदा समोरून. करणाऱ्याच्या डोळ्यांतून पाहिलेलं जास्त जमलं. पहिलीची अक्षरं गिरवायचा व्हिडिओ काढाल तेव्हाही हेच करा. खांद्यावरून कॅमेरा धरा, नाहीतर पोरांना ‘ग’ उलटा दिसतो.

‘तुझं डोकं’, ‘तुझी सावली’ ही बोलीही मुद्दाम. श्वसनाच्या एका चित्रफितीत ‘फुप्फुसं’च्या जागी ‘तुझी फुप्फुसं’ अशा चालीचे किरकोळ बदल केले, तेवढ्यानेही ऐकणाऱ्यांना समजलेलं नव्या प्रश्नाला जास्त चांगलं वापरता आलं, असं मेयर यांच्या गटाला २००४ मध्ये आढळलं. ‘बालमित्रांनो’ म्हटलं की कुणालाच म्हटलं नाही असं होतं.

आणि त्या गप्प जागा. निवेदन करणाऱ्याला शांततेची भीती वाटते, दोन सेकंद आवाज थांबला तरी काहीतरी बिघडलंय असं वाटतं. अमेरिकेत १९९६ मध्ये ‘ब्लूज क्लूज’ नावाची छोट्यांची मालिका सुरू झाली. तिचा सूत्रधार प्रश्न विचारून कॅमेऱ्याकडे पाहत नुसता थांबायचा. घरोघरी बसलेली पोरं टीव्हीला उत्तरं ओरडून सांगायची. ती दाखवणाऱ्या वाहिनीने आणखी एक धाडस केलं : एकच भाग सलग पाच दिवस दाखवला. मोठ्यांना वेड लागायची पाळी, पण मुलांचं लक्ष कमी झालं नाही आणि समज वाढत गेली. उत्तरं तर दिवसागणिक जोरात येऊ लागली. त्यामुळे पोरं ‘परत लावा’ म्हणाली की खुशाल लावा. फक्त प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबवा आणि ‘आता पुढे काय होईल?’ विचारा. मेयर आणि पॉल चँडलर यांनी विजेची तीच चित्रफीत सोळा तुकड्यांत कापली आणि पुढचा तुकडा कधी लावायचा हे बघणाऱ्याच्या हाती दिलं. माहिती अक्षरशः तीच होती, तरी समज वाढली. तुमच्या वर्गात तो पुढे नेणारा हात तुमचा.

लांबीबद्दल सगळेच विचारतात, म्हणून सांगतो. इंटरनेटवरच्या मोठ्या अभ्यासक्रमांची ६९ लाख व्हिडिओ-दर्शनं तपासून फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांपुढे टिकत नाहीत. ते सगळे मोठे, बहुतेक आपखुशीने आलेले. चौथीसाठी मी तीन-चार मिनिटं धरेन. त्यापेक्षा सोपा नियम म्हणजे एका व्हिडिओला एकच प्रश्न. ‘चंद्राच्या कला’ हा प्रश्न नव्हे. ‘अमावास्येला चंद्र कुठे जातो?’ हा प्रश्न आहे.

पुढचा व्हिडिओ वर्गात लावाल तेव्हा पडद्याकडे पाहू नका, पोरांकडे पहा. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ ला सुरू होण्याआधी एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने एक युक्ती केली होती. एका बाजूला टीव्हीवर कार्यक्रम आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं. मुलाचे डोळे कोणत्या क्षणी टीव्हीवरून ढळतात, हे टिपत जायचं. जिथे पोरं ढळली, तो भाग बदलायचा. तुमच्याकडे दुसरा पडदा नाही, पण खिडकी आहे, मागच्या बाकावरचा मित्र आहे, बाहेर पोषण आहाराचा वास आहे. संहितेची प्रत हातात धरा आणि जिथे चार-पाच माना वळल्या तिथे खूण करा.

या युक्तीला एक पुरवणी हवी. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनियल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’ दाखवलं, निम्म्यांना खेळण्यांच्या खोलीत आणि निम्म्यांना खेळण्यांशिवाय. खेळणी असलेली मुलं साधारण निम्माच वेळ टीव्हीकडे पाहत होती, तरी दोन्ही गटांना कळलं तेवढंच. मुलं कानांनी पहारा देत होती; कामाचं काही बोललं जातंय असं वाटलं की मान वर. म्हणून ‘इथे बघ’, ‘उजव्या कडेला बघ’ ही वाक्यं निवेदनात फार मोलाची. आणि एखादा पोरगा खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत बसला असेल तर लगेच ओरडू नका. त्याला नंतर विचारा.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. एवढ्या लहानांना व्हिडिओतून शिकवावं का? अगदी तान्ह्यांना नाही. पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे ध्वनी ऐकवले. समोर बसलेल्या बाईकडून ती बाळं शिकली. तीच बाई टीव्हीवर आली तर काहीच शिकली नाहीत. दोन-अडीच वर्षांपर्यंत पडद्यावरचं प्रत्यक्षाइतकं पोचत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तुमची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत, त्यांना अडचण नाही. मात्र माझं मत विचाराल तर चंद्राचा व्हिडिओ चेंडू-दिव्याच्या प्रयोगानंतर दाखवा, आधी नको. प्रयोग चाळीस मुलांत एकेकाला नीट जमत नाही. व्हिडिओने तो पुन्हा, सावकाश, प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागेवरून पाहता येतो.

प्रश्न : माझा आवाज घोगरा आहे आणि बोलण्यात वऱ्हाडी हेल येतो. त्याऐवजी संगणकाचा आवाज वापरला तर? शिवाय माझ्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कोरकू आहे.
— एक शिक्षक, मेळघाट

उत्तर : जुन्या प्रयोगांत यांत्रिक आवाजापेक्षा माणसाचा आवाज सरस ठरला होता. आताचे संगणकी आवाज बरेच सुधारले आहेत आणि इंग्रजीत तरी हा फरक पुसट होतोय, असं नव्या अभ्यासांत दिसतं. मराठीत मात्र ते आवाज अजून ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’ला अनेकदा अडखळतात, आकडे भलतेच वाचतात आणि कुठे थांबायचं हे तर त्यांना सांगूनही कळत नाही. तुमचा हेल राहू द्या. तुमची मुलं तो हेल रोज ऐकतात, त्यांच्यासाठी तोच शाळेचा आवाज आहे.

मोठी गोष्ट भाषेची आहे. पहिली-दुसरीसाठी निवेदन कोरकूत करा. तुम्हाला येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा अंगणवाडीताईंकडून करून घ्या, त्यांचं नाव शेवटी मोठ्या अक्षरांत टाका. मग तोच व्हिडिओ थोड्या दिवसांनी मराठीत लावा. चित्रं तीच, म्हणजे अर्थ ठाऊक. डोकं फक्त नव्या शब्दांत घालायचं. भाषा नवी असते तेव्हा पडद्यावर मोजके शब्द जास्त वेळ राहिले तर फायदा होतो. तेव्हा वर साताऱ्याच्या बाईंना दिलेला मजकुराचा सल्ला तुम्ही थोडा सैल करा.

प्रश्न : मला अ‍ॅनिमेशन येत नाही, चित्रं काढता येत नाहीत, फोन जुना आहे. तरी चालेल का?
— एक पालक, चिपळूण

उत्तर : उत्तम चालेल. अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या फिल्म पहा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केल्या. बहुतेक दोनेक मिनिटांच्या. दोन हात, एक टेबल, काड्यापेटी किंवा स्ट्रॉ, आणि साधं निवेदन. चेहरा फारसा दिसतच नाही. सलमान खान, म्हणजे अमेरिकेतला खान अकॅडमीवाला, त्याच्याही सुरुवातीच्या व्हिडिओंत काळ्या पाटीवर रंगीत रेषा आणि आवाज एवढंच होतं. चित्र आधीच तयार ठेवण्यापेक्षा बोलता बोलता हाताने काढत गेलात तर समजायला सोपं जातं, हेही तपासून पाहिलेलं आहे. रेषा वाकडी आली तरी काही बिघडत नाही.

खर्च करायचाच असेल तर आवाजावर करा, म्हणजे पैशाचा नव्हे, कष्टाचा. चित्र थोडं अंधुक असलं तरी पोरं सांभाळून घेतात, आवाज खरखरला की सोडून देतात. आधी आवाज रेकॉर्ड करा, नंतर त्यावर चित्रं बसवा; उलट केलंत तर चित्राच्या मागे धावत बोलावं लागतं. पंखा बंद. फोन तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर बसत नाही. कपड्यांनी भरलेली छोटी खोली मोकळ्या हॉलपेक्षा बरी, घुमत नाही. दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाकल्या तरी पुरतं. कोकणात असाल तर पत्र्याखाली पावसाळ्यात रेकॉर्डिंगच्या फंदात पडू नका. जूनआधी आवाजाचं काम उरका आणि चित्रं नंतर सवडीने करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होऊन पोचतात.